ठेक्याची पाणबुडी

आमच्या मामा तलावात पाणबुड्या पुष्कळ.
मुठीएवढा पक्षी. गोटा टाकल्यागत बुडतो
आणि निघतो, आपण बघत नसतो तिथं.
म्हणून केवळराम वलथरे पाणबुडीवर लागला असं पत्र आलं
तेव्हा मच्छीमार सोसायटीचे अध्यक्ष म्हणाले,
"त्याच्यासाठी इतक्या दूर कायले जा लागते?"

काका आता डोंग्याच्या टोकाशी बसतो, मी वल्हवतो.
बोलतो इतकं हळू, की गावाला वाटतं पेन्शनचा माज.
तिथं चमचा पडला तरी गुन्हा होता.

ती आपली नव्हती. ठेक्यावर आणलेली, दहा वर्षांच्या,
जसा सोसायटी घेते तलाव:
शिंगाडा आपला, मासोळी आपली,
पाणी कुणाचं ते सरकारला ठाऊक.
आली तेव्हा आत दुसऱ्याच लिपीतल्या पाट्या,
झडपांवर, दारांवर, संडासावरसुद्धा.
काकानं ती अक्षरं बोटानं गिरवून पाठ केली
छत्तिसाव्या वर्षी.

पोटात तिच्या चूल. लाकूड नाही, धूर नाही,
राख मात्र नातवांच्या नातवांनाही निववता येणार नाही.
छातीवर बिल्ला, चूल अंगाला किती लागली ते मोजणारा.
महिन्याला बिल्ला नेत आणि सांगत, ठीक आहे.

काकाचं काम ऐकायचं.
वरून जाणारं जहाज भरलेलं की रिकामं,
पंख्याला पाती किती, त्यातलं एखादं वाकडं आहे का.
झिंगे तडतडत, तव्यावर जवस टाकावी तसे, मैलोगणती.
एकदा एक देवमासा रात्रभर बोलत राहिला.
(रात्र म्हणजे काय? पोहे आले की सकाळ.)

तिची सगळी नोकरी काका एका दमात सांगतो:
दोन वर्षं शिकण्यात गेली, चार चांगली,
त्यात एकदा एकोणसाठ दिवस वर न येता.
मग खवले झडू लागले, रबराचे, परातीएवढे,
अंगाचा आवाज गिळणारे.
मग वाफेच्या नळीला चीर. अठरा महिने गोदीत.
सुट्या भागांसाठी पत्रं, पत्रांना उत्तरं,
उत्तरांना पुन्हा पत्रं.
मुदतीआधीच चूल विझवून तिला ओढत नेली उत्तरेकडे.
काका धक्क्यावर उभा होता. म्हणतो,
बैल विकला तर निदान दावं आपल्यापाशी राहते.

त्या एकोणसाठातल्या तेविसाव्या दिवशी
आजा गेला. तुडुमापाशी, जाळं झाडता झाडता.
निरोप किनाऱ्यापर्यंत पोचला.
खाली सोडला नाही. नियमच तसा.
छत्तीस दिवसांनी झाकण उघडलं,
कप्तानानं आधी चहा दिला, साखर जास्त घातलेला,
आणि मग कागद.

ग्रामपंचायतीच्या रजिस्टरात आज्याची नोंद आहे.
मंगळवार, सकाळी सव्वासात.
काकाला एवढंच पाहिजे होतं:
मंगळवारी सव्वासातला आपण कुठं होतो, किती खोल?
पहारा माझा होता का?
कानात काय चालू होतं?

ते बोटीच्या नोंदवहीत आहे.
नोंदवही कपाटात आहे.
त्या कपाटाच्या ठेक्याला मुदत नाही.
दोनदा अर्ज केला. दोनदा तोच कागद आला,
तारीख तेवढी बदललेली.

येत्या मार्चात तलावाचा ठेका संपतो.
साकोलीचा एक ठेकेदार चकरा मारून ऱ्हायला.
अध्यक्ष म्हणतात, "केवळरामभाऊ, अर्ज तुमीच लिवा,
तुमाले सरकारसंगं बोलाची सवय."
काका हसत नाही.

तो वल्हं उभं बुडवतो
आणि दांड्याला कान लावतो, आज्यासारखा.
"काय आयकू येते जी?"
"वाघूर," म्हणतो. "अन् पाळीकडून कोनाची तरी मोटर."
मग कितीतरी वेळ कान काढत नाही.
मी हात हलवतो तर हळूच म्हणतो,
"थांब. वल्हवू नको."